चार गुंजांचा फरक



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागल्यापासून वाटेत भेटणाऱ्या परिचितांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला आहे. अमेरिकेची जुनी सोन्याची नाणी कुणीकडे आणि आपण कुणीकडे? प्रश्न रास्त आहे. ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत काहीही ऐकून घेण्याची वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना सवय असते, या एका भरवशावर आम्ही उभे आहोत. खुलासा आधीच केलेला बरा. आम्ही नाण्यांचे व्यापारी नाही. अमेरिकेचे एकही जुने सोन्याचे नाणे आमच्या संग्रही नाही, आणि या जन्मी ते येईल अशी चिन्हे नाहीत. तेव्हा व्याख्यान संपल्यावर कोणी आमच्या पिशवीची झडती घेऊ नये.

तरीही हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही. अमेरिकेच्या पहिल्या कायद्याप्रमाणे दहा डॉलरच्या सोन्याच्या नाण्याला ‘ईगल’ म्हणजे गरुड असे नाव होते आणि त्याचे वजन २७० ग्रेन ठरविलेले होते. आपला तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे ईगल बरोबर दीड तोळ्याचा! पाच डॉलरचा हाफ ईगल पाऊण तोळा, म्हणजे नऊ मासे. अडीच डॉलरचा क्वार्टर ईगल साडेचार मासे. सोने बावीस कॅरटचे. एवढे ऐकल्यावर आपल्यापैकी ज्येष्ठ भगिनींना त्या नाण्याचे आकारमान हातावर जाणवले असेल. तेव्हा आजचा हिशेब आम्ही मासे आणि गुंजा यांतच करणार आहोत. बारा माशांचा तोळा आणि आठ गुंजांचा मासा, हे कोष्टक ज्यांना पाठ करावे लागले नाही त्यांनी शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

प्रथम एक कोडे सांगतो. १८२२ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७,७९६ हाफ ईगल पाडले गेले, अशी दप्तरी नोंद आहे. त्या वर्षाची तारीख असलेले किती हाफ ईगल आज जगात माहीत आहेत? तीन. त्यांपैकी दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत, आणि ती विक्रीला यावयाची नाहीत. उरले एक. ते २०२१ साली लिलावात ८४ लाख डॉलरला गेले. नाणे पाऊण तोळ्याचे! ना आग लागली, ना जहाज बुडाले, ना लूट झाली, मग बाकीची सतरा हजारांवर नाणी गेली कोठे? आजचे सगळे व्याख्यान या एका प्रश्नाचे उत्तर आहे असे समजा.

त्यासाठी १७९२ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी २ एप्रिलला अमेरिकेच्या काँग्रेसने नाण्यांचा कायदा केला आणि राष्ट्राची टांकसाळ काढण्याचे ठरविले. नवीन राष्ट्र, खजिना रिकामा, बाजारात स्पेनचे, पोर्तुगालचे, फ्रान्सचे, इंग्लंडचे नाणे सरमिसळ चाललेले. दुकानदाराच्या हाताशी तराजू असल्याखेरीज व्यवहार नाही. अशा स्थितीत आपले नाणे लोकांनी डोळे मिटून घ्यावे अशी सरकारची इच्छा. म्हणून कायद्यातच कलम घातले की, टांकसाळीच्या कोणा अधिकाऱ्याने लबाडीने नाण्यात हीण मिसळले किंवा सोने-चांदी लांबविली तर त्याला देहान्त शासन. इतकेही पुरेसे वाटले नाही. मुख्य नाणेकार आणि कस लावणारा पारखी या दोघांनी प्रत्येकी दहा हजार डॉलरचा जामीन द्यावा असे ठरले. आता यांचा पगार वर्षाला दीड हजार डॉलर! दहा हजारांचा जामीन ते कोठून आणणार? परिणाम असा झाला की टांकसाळ उभी राहिली, यंत्रे आली, तांब्याची नाणी निघू लागली, पण सोन्याचांदीला हात लावण्याचा कोणाला अधिकारच नाही. शेवटी १७९४ साली काँग्रेसने जामिनाची रक्कम उतरविली, तेव्हा कोठे काम पुढे सरकले. पगार आणि जबाबदारी यांचा मेळ सरकारी नोकरीत कधीच बसत नाही, हे येथे बसलेल्या पेन्शनर मंडळींना आम्ही सांगावयास नको.

३१ जुलै १७९५ रोजी पहिले ७४४ हाफ ईगल टांकसाळीतून बाहेर पडले. त्याच सप्टेंबरात ईगल आले, पुढच्या वर्षी क्वार्टर ईगल. नाण्याच्या एका बाजूस टोपी घातलेली स्वातंत्र्यदेवी, भोवती तारे, खाली साल. दुसऱ्या बाजूस ताडाच्या फांदीवर बसलेला, चोचीत पानांचे कडे धरलेला लहानसा गरुड. हा गरुड काहीसा किडकिडीत आहे. दोन-तीन वर्षांतच त्याच्या जागी छातीवर ढाल घेतलेला धिप्पाड गरुड आला. राष्ट्राला आपली प्रकृती सुधारल्यासारखी वाटली असावी.

पण मौज अशी की या नाण्यावर किंमत कोठेच लिहिलेली नाही. पाच डॉलर, दहा डॉलर, काही नाही. १८०७ साली जॉन राइक नावाच्या जर्मन कारागिराने हाफ ईगलचे नवे ठसे कोरले, तेव्हा प्रथम त्यावर पाचाचा आकडा आला. तोपर्यंत नाण्याची किंमत म्हणजे त्यातले सोने. ते वजनाने कळते, मग लिहावयाचे कशाला, असा सरळ विचार होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे या नाण्यांचा जो घात झाला त्याचे बीज येथेच आहे. ज्या नाण्याची किंमत सर्वस्वी त्याच्या वजनात आहे, त्याचे चित्र, त्याचे साल आणि त्यावरची कारागिरी सराफाच्या हिशेबात शून्य धरली जाते.

वजन नेमके भरावे म्हणून एक काम हाताने करावे लागे. सोन्याच्या पट्टीतून कापलेली प्रत्येक चकती काट्यावर घालावयाची. हलकी भरली तर परत मुशीत, जड भरली तर कानशीने घासून बरोबर वजनावर आणावयाची, आणि मग ठशाखाली द्यावयाची. १७९५ सालापासून या कामावर दोन बायका होत्या, सेरा वॉल्ड्रेक आणि रेचेल समर्स. त्या टांकसाळीच्या नोकरीत लागलेल्या पहिल्या स्त्रिया. ठशाचा दाब पुरेसा बसला नाही तर कानशीच्या रेघा नाण्यावर तशाच राहत. आज भिंगातून पाहिले असता देवीच्या केसांवरून किंवा गरुडाच्या ढालीवरून एकमेकींना समांतर अशा बारीक रेघा गेलेल्या दिसतात. नवखा माणूस त्यांना ओरखडे समजतो आणि नाक मुरडतो. जाणता माणूस पाहतो की रेघ अक्षराखाली दबली आहे की अक्षरावरून गेली आहे. दबलेली असेल तर ती टांकसाळीतली, त्या दिवसाची, एखाद्या वेळी त्या दोघींपैकी एकीच्या हातची. वरून गेली असेल तर नंतर कोणा नाठाळाने केलेली. या एका रेघेवर नाण्याची किंमत इकडची तिकडे होते.

हे सोने येत होते कोठून? सुरुवातीला अमेरिकेची स्वतःची खाण नव्हती. व्यापारी परदेशी नाणी आणि लगडी आणून देत, टांकसाळ त्यांची आपली नाणी करून देई. १७९९ साली नॉर्थ कॅरोलिनात रीड नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाला ओढ्यात सतरा पौंडांचा पिवळा धोंडा सापडला. घरच्यांनी तीन वर्षे तो दाराला अडसर म्हणून वापरला आणि १८०२ साली साडेतीन डॉलरला एका सोनाराला विकला. सोनाराने काही दाराला अडसर लावला नाही! त्यानंतर त्या मुलखात शोध सुरू झाला आणि देशी सोने थोडे थोडे टांकसाळीत येऊ लागले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कायद्याने सोने आणि चांदी यांचे प्रमाण एकास पंधरा असे बांधून दिले होते. एक भार सोने म्हणजे पंधरा भार चांदी. हाफ ईगलात शुद्ध सोने सव्वाआठ मासे; त्याच्या पंधरापट चांदी म्हणजे बरोबर पाच चांदीचे डॉलर. कागदावर सुरेख जमले. पण बाजार कागद वाचत नाही. युरोपात सोने महाग होत गेले. १८०३ साली फ्रान्सने आपले प्रमाण एकास साडेपंधरा ठरविले. झाले! अमेरिकेत पाच चांदीचे डॉलर देऊन हाफ ईगल घ्यावयाचा, जहाजावर चढवावयाचा, आणि पलीकडे तो आटवून साडेपंधरापटीने चांदी घ्यावयाची. शंभर नाण्यांमागे सोळा-सतरा डॉलर सुटतात. जहाजाचे भाडे आणि विमा वजा जाऊनही व्यापाऱ्याला हा धंदा वाईट नव्हता. १८०४ नंतर ईगल पाडणे बंद झाले ते १८३८ पर्यंत. हाफ ईगल मात्र निघत राहिले. पुढे इंग्लंडने सोन्याचे चलन पक्के करण्यासाठी सोने ओढण्यास सुरुवात केली, तेव्हा तर फिलाडेल्फियाची टांकसाळ म्हणजे परदेशी सराफांसाठी चोख, तोललेल्या, छाप मारलेल्या लहान लहान लगडी तयार करून देणारा कारखाना झाली. नाणी पोत्यांनी निघत होती आणि रस्त्यावर एकही दिसत नव्हते. १८२० साली २,६३,००० वर हाफ ईगल पडले, पण सामान्य अमेरिकन माणसाला आयुष्यात ते पाहावयास मिळाले असतील की नाही याची शंका आहे.

येथे एक घरगुती गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आमच्या लहानपणी धाकट्या आत्याचे लग्न ठरले तेव्हा आजीने आपली पुतळ्यांची माळ मोडावयास काढली. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे. एक मनुष्य उभा, दुसरा त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलेला. वडिलांबरोबर आम्ही पेठेत गेलो. सराफाने माळ ओवलेली दोरी कात्रीने कापली, पुतळ्या काट्यावर घातल्या, कसोटीवर एक-दोन घासल्या आणि समोरच मुशीत टाकल्या. ती दोन माणसे आधी लाल झाली, मग त्यांच्या कडा गेल्या, मग तेथे नुसता एक चकचकीत थेंब राहिला. एक पुतळी आम्हांला द्या, असा हट्ट आम्ही धरला होता. घरी आल्यावर आजी म्हणाली, ‘‘अरे, सोनं कुठं गेलंय का? वजनाला वजन मिळालंय.’’ सराफ प्रामाणिक होता. वजन गुंजभरही कमी नव्हते. तरीही काहीतरी गेले आहे हे त्या वयातही आम्हांला कळले होते, आणि ते काय हे आजीला सांगता येत नव्हते. नाण्यांच्या नादी आम्ही लागलो त्याचे मूळ त्या मुशीत आहे.

१८३४ साली अमेरिकेत हेच झाले, आणि तेही कायद्याने. सोने देशात राहत नाही म्हणून काँग्रेसने २८ जूनला नवा कायदा करून प्रमाण एकास सोळाच्या घरात नेले. त्यासाठी नाण्यातले सोनेच कमी केले. जुन्या हाफ ईगलात शुद्ध सोने सव्वाआठ मासे. नव्यात पावणेआठाला किंचित कमी. फरक सुमारे चार गुंजांचा. लोकांना नवे नाणे जुन्यापासून ओळखता यावे म्हणून गरुडाच्या डोक्यावरचे बोधवाक्य काढून टाकले आणि देवीच्या टोपीऐवजी कपाळावर पट्टी बांधली. १ ऑगस्टपासून कायदा अमलात आला. आता ज्याच्या घरी जुना हाफ ईगल असेल त्याने तो पाचाला खर्च करणे म्हणजे शुद्ध वेडेपणा, कारण टांकसाळीत नेऊन आटविला तर त्याचे पाच डॉलर तेहतीस सेंट येत होते. लोक शहाणे होते. परदेशी मुशीतून जी वाचली होती ती देशी मुशीत गेली. १८३४ च्या पूर्वार्धात पाडलेली जुन्या घडणीची नाणी तर बहुतेक ज्या इमारतीत जन्मली त्याच इमारतीत आटली.

आता आरंभीचे कोडे सुटले असेल. १८२२ ची नाणी कोठेही गेली नाहीत, वजनाला वजन सगळी जगात आहेत. फक्त नाणी नाहीत.

यावरून संग्राहकांच्या जगात मोठी उलटापालट झालेली आहे. आपला साधा समज असा की नाणे जितके जुने तितके दुर्मिळ, आणि जितके थोडे पाडले तितके दुर्मिळ. येथे दोन्ही खोटे. १७९५ च्या हाफ ईगलची टांकसाळीतील नोंद ८,७०७ नाण्यांची, आणि आज ते काही शेकड्यांनी शिल्लक आहेत. पैसा असेल तर दरसाल लिलावात मिळतात. त्यानंतर चौतीस वर्षांनी, १८२९ साली ५७,४४२ पाडले, आणि त्या सालाचे आज विसाच्या आसपासच माहीत आहेत. १८१५ साली अवघे ६३५ पाडले, पैकी सुमारे अकरा उरले. १८२२ चे सतरा हजारांतून तीन. पहिल्या वर्षीचे नाणे म्हणून कोणी आठवणीसाठी ठेवले, कोणी मुलीला दिले. पुढची नाणी बँकेच्या पोत्यातून जहाजात गेली, त्यांना मायेने पाहणारे कोणी भेटलेच नाही. दुर्मिळपणाचे गणित टांकसाळीच्या वहीत मिळत नाही, ते मुशीत पाहावे लागते.

मुशीच्या तोंडाशी उभा राहून नाणी वाचविणारा एक गृहस्थ होता, त्याचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. ॲडम एकफेल्ट. टांकसाळीच्या आरंभापासून तेथे यंत्रे करणारा हा लोहार-कारागीर, १८१४ साली मुख्य नाणेकार झाला. आटविण्यासाठी येणाऱ्या ढिगातून एखादे चांगले जुने नाणे दिसले की ते हा बाजूला काढी. त्याच्याच ठेव्यावर १८३८ साली टांकसाळीत नाणेसंग्रह स्थापन झाला आणि तो १९२३ साली स्मिथसोनियनमध्ये गेला. १८२२ च्या तीन नाण्यांपैकी एक या संग्रहातले. ज्याचा धंदाच नाणी पाडणे आणि आटविणे, त्याला ती जपण्याची बुद्धी व्हावी, हे आम्हांला फार मोठे वाटते. कोट्यधीश संग्राहकांच्या कथा पुष्कळ छापल्या जातात, एकफेल्टविषयी चार ओळी क्वचित सापडतात.

पण कोट्यधीशांनाही त्यांचे श्रेय दिले पाहिजे. शिकागोचे व्हर्जिल ब्रँड हे दारूभट्टीचे मालक. १९२६ साली वारले तेव्हा त्यांच्या घरी साडेतीन लाखांवर नाणी होती, आणि प्रत्येकाची खरेदी वहीत टिपलेली. खाजगी मालकीचा १८२२ चा हाफ ईगल काही काळ त्यांच्याकडे होता. पुढे तो बाल्टिमोरचे बँकर लुई एलियसबर्ग यांच्याकडे गेला. या एलियसबर्गांची गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९३३ च्या एप्रिलमध्ये रूझवेल्ट यांनी हुकूम काढला की लोकांनी जवळचे सोने सरकारजमा करावे. पुन्हा मूस! लक्षावधी नाणी आटून त्यांच्या लगडी झाल्या. पण हुकमात एक पळवाट होती: दुर्मिळ नाण्यांच्या संग्राहकांना ज्यांचे विशेष मोल वाटते अशी नाणी वगळली होती. त्या वेळचे अर्थमंत्री विल्यम वुडिन स्वतः जाडे संग्राहक आणि नाण्यांवरील एका ग्रंथाचे सहलेखक होते, हा योगायोग असेल असे समजणारे समजोत. एलियसबर्ग यांचा कागदी पैशावर विश्वास नव्हता. सोने ठेवावयाचे तर संग्राहक होऊनच ठेवता येते, म्हणून ते संग्राहक झाले. आणि सोन्यासाठी धरलेला नाद पुढे नाण्यांसाठीच राहिला. १९५० पर्यंत त्यांनी अमेरिकेच्या नाण्यांचा संपूर्ण समजला जाणारा संच पुरा केला. त्यांच्या पश्चात १९८२ साली सोन्याच्या नाण्यांचा लिलाव झाला तेव्हा तो हाफ ईगल ६,८७,५०० डॉलरला गेला. त्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी ८४ लाखांना.

अशा किमती ऐकल्या की आमचे मन दोन बाजूंना ओढले जाते. एका नाण्यात एक सबंध गाव पोसले जाईल, हे कबूल. पण नाणे सोन्याच्या भावाने विकले जात होते तोपर्यंत ते मुशीत जात होते, हेही तितकेच खरे. भाव वाढला म्हणून ते वाचले. औषधांच्या धंद्यातील जोशिया लिली यांनी जमविलेली सहा हजारांवर सोन्याची नाणी १९६८ साली करसवलतीच्या बदल्यात स्मिथसोनियनला मिळाली, त्यांत १८२२ चे तिसरे नाणे होते. ते आज शाळेतले पोरही काचेतून पाहू शकते. याच्या उलट डॅलसचे हॅरी बास यांचा संग्रह. या गृहस्थांनी एकाच सालाच्या नाण्यांतील ठशांचे बारीक फरक पाहण्यात आयुष्य घालविले, आणि त्यांच्या टिपणांवर उभा राहिलेला ग्रंथ आजही या विषयाचा आधार आहे. त्यांच्या संग्रहाचा गाभा कोलोराडो स्प्रिंग्जच्या संग्रहालयात वीस वर्षे लोकांसाठी खुला होता; २०२२ पासून तो लिलावात फुटला. पैसा सत्कार्याला गेला असेल. आम्हांला मात्र एका जागी बसलेली ती पंगत उठली याचे वाईट वाटते.

ठशांचे फरक म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. त्या काळी ठसे पोलादावर हाताने कोरीत. पोलाद महाग आणि ठसा तडकावयाचा भरवसा नाही. म्हणून वर्ष संपले तरी ठसा टाकून देत नसत, जुन्या आकड्यावर नवा आकडा ठोकून वापरीत. १८०२ च्या प्रत्येक हाफ ईगलवर २ च्या खाली १ डोकावतो, १८०३ च्या प्रत्येकावर ३ च्या खाली २. ताऱ्यांचे तेच. आधी पंधरा राज्ये म्हणून पंधरा तारे; सोळावे राज्य आले, सोळा तारे केले; मग राज्ये वाढतच राहणार हे ध्यानात आले आणि मूळच्या तेरांवर स्थिरावले. एवढेच काय, १७९५ साल घातलेले पण ढालवाल्या गरुडाचे हाफ ईगल मिळतात. ते दोन-तीन वर्षांनी, शिल्लक ठसा वापरून पाडलेले आहेत. नाण्यावरचे साल खोटे बोलू शकते, हे ऐकून इतिहासाच्या अभ्यासकांनी दचकू नये.

आणि ही नाणी जी वाचली ती सगळी धड वाचली असे नाही. आपल्याकडे पुतळ्यांना कडी डाकून माळ करतात, तशीच त्यांचीही पदके आणि लॉकेटे झाली. पुढे भाव आल्यावर कडी काढून भोक सोन्याने बुजविण्याचे काम चालले. हे बुजविणे इतके बेमालूम असते की भिंगाखाली कडेच्या बारीक रेघांची लय कोठे तुटते ते पाहावे लागते. त्याहून मोठा अपराध म्हणजे घासून चकाकविणे. जुन्या सोन्यावर तांब्याच्या भरीमुळे एक तांबूस झाक येते, ती एकदा गेली की परत येत नाही. अलीकडे नाणी पारखून, एक ते सत्तर असे गुण देऊन, प्लॅस्टिकच्या डबीत कायमची बंद करण्याची पद्धत पडली आहे. ही व्यवस्था १९८६-८७ पासूनची. नकली नाण्यांना तिने आळा घातला, हे मान्य. पण आता पुष्कळ लोक नाणे न पाहता डबीवरचा आकडा पाहून पैसे मोजतात. काही वर्षांपूर्वी आमचा भाचा अमेरिकेत आम्हांला एका नाण्यांच्या बाजारात घेऊन गेला. तेथील विक्रेत्याने, आमची ऐपत चेहऱ्यावरूनच ओळखूनही, १८०३ चा एक हाफ ईगल आमच्या तळहातावर ठेवला. ३ च्या खालचा २ आम्ही पाहिला. नाणे हातात आले, पण प्लॅस्टिकमुळे हाताला लागले नाही.

शेवटी, आरंभीच्या प्रश्नाला एक उत्तर देणे राहिले आहे: आपला आणि या नाण्यांचा संबंध काय? १८३४ साली अमेरिकेच्या सरकारने पूर्वेकडील राजांशी तह करण्यासाठी भेटी म्हणून नाण्यांचे संच करविले. त्यांत एक ईगल हवा. ईगल तर तीस वर्षे पाडलाच नव्हता. म्हणून दप्तरात शेवटचे साल पाहून १८०४ सालाचे नवे ठसे केले आणि मोजकी चार-दोन नाणी खास काळजीने पाडली. ती घेऊन एडमंड रॉबर्ट्स हे वकील ‘पीकॉक’ या लढाऊ जहाजावरून निघाले. १८३५ च्या सप्टेंबरात अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ जहाज रुतले. हलके करण्यासाठी तोफा समुद्रात टाकाव्या लागल्या. मस्कतच्या सुलतानाला त्याचा संच पोचता करून जहाज दुरुस्तीसाठी आले ते आपल्या मुंबईच्या गोदीत. सयामच्या राजाची पेटी तेव्हा पुढच्या प्रवासासाठी राहिलेली होती. वर्षअखेरीस जहाज निघाले, आणि १८३६ साली पेटी बँकॉकला पोचली. मुंबईतील ज्या सुतार-लोहारांनी त्या जहाजाचा तळ दुरुस्त केला, त्यांना काय वाहून चालले आहे याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

ती पेटी पुढे सव्वाशे वर्षे अज्ञातवासात गेली. १९६२ साली लंडनच्या नाणेव्यापाऱ्यांनी ती अमेरिकेत प्रदर्शनात मांडली तेव्हा जाणकार थक्क झाले. मधल्या काळात ती कोणाकडे होती? सयामच्या राजवाड्यात मुलांना शिकविण्यासाठी राहिलेल्या ॲना लिओनोवेन्स यांना राजाने ती दिली आणि त्यांच्या वंशजांकडून ती बाहेर आली, असे म्हणतात. याला पक्का पुरावा नाही आणि आम्ही ते खरे म्हणून सांगत नाही. पण या बाईंचा जन्म १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला झालेला, हे मात्र संशोधकांनी शोधून काढले आहे. जे जहाज मुंबईस आले तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या. २००५ साली तो संच ८५ लाख डॉलरला विकला गेला.

खऱ्या १८०४ च्या ईगलवर चारच्या आडव्या दांडीच्या टोकाला एक छोटी उभी रेघ आहे; भेटीसाठी मागाहून पाडलेल्यावर ती रेघ नाही. दोन्हींची मोठी केलेली छायाचित्रे आम्ही व्यासपीठाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर मांडली आहेत, शेजारी भिंग आहे. शेजारच्या पुठ्ठ्यावर १८०३ च्या हाफ ईगलचा ३ आहे. त्याच्याखालचा २ पहिल्या नजरेत दिसत नाही. छायाचित्र दिव्याकडे थोडे तिरपे धरावे.